निळ्या खडूचे परीक्षक

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर म्हणाले, "राग आला की बोलू नका, लिहून काढा. रक्तदाब आपोआप खाली येईल." म्हणून ही वही. ह्यांनीच आणून दिली आणि वर म्हणाले, "जाड बघून आणलीय, महिनाभर तरी पुरेल." असला माणूस घरात असल्यावर रक्तदाब खाली कसा यायचा?

तर आजचा राग. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात देवघेवीच्या काउंटरवर बसते. पुस्तक द्यायचं, तारखेचा शिक्का मारायचा, उशीर केला त्याच्याकडून दंड घ्यायचा, आणि वाचनकक्षात कुणी बोललं की त्याला गप्प करायचं. उभी हयात ह्यात गेली. आज ग्रंथपालबाईंनी मला आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला, म्हणजे बातमीपत्राला, बोलावून सांगितलं, काउंटरवर यंत्र येणार. मुलं आपापलं पुस्तक यंत्राखाली धरणार आणि घेऊन जाणार. त्यामुळे इथे एकच माणूस पुरे, दुसऱ्याची बदली नव्या आवारात. ते आवार गावाबाहेर, बसने जायचं, बसने यायचं.

माझं घर ग्रंथालयाच्या मागच्या भिंतीला लागून. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना उठवायला-बसवायला माणूस लागतं. दुपारच्या सुट्टीत मी धावत जाते, त्यांना उठवते, जेवायला घालते, दोन शिव्या खाते आणि परत येते. हे छापखान्यात, संध्याकाळशिवाय घरी येत नाहीत. मी गावाबाहेर गेले तर त्या बाईने दिवसभर छताकडे बघत पडायचं का?

एकच वाट आहे. दरवर्षी मार्चमध्ये विद्यापीठ चांगलं काम करणाऱ्या प्राध्यापकांना आणि कर्मचाऱ्यांना पुरस्कार देतं, आणि ज्याला तो मिळतो त्याची तीन वर्षं बदली करत नाहीत. कागदावर नियम नाही, पण रिवाज आहे. मी सरळ म्हटलं, "बाई, माझं नाव पाठवा." त्या घुटमळल्या. म्हणाल्या, "पाठवते. कामात तुमचा हात कुणी धरणार नाही. पण तुमच्या जिभेच्या तक्रारी माझ्या टेबलावर मावत नाहीत. महिनाभर तेवढी आवरा."

माझी जीभ! मी काय उगाच बोलते? ओल्या हाताने पुस्तक उचलणाऱ्याचा काय मुका घेऊ?

४ फेब्रुवारी, मंगळवार

बातमीपत्राला ते नाव मीच दिलंय. विद्यापीठात कुणाची चप्पल तुटली तरी त्याला आधी कळतं. आज सकाळी खुर्ची सरकवत माझ्याजवळ आला.

"ताई, कानावर आलंय ते सांगतो. यंदा पुरस्काराची समिती गुपचूप माणूस पाठवणार आहे. वाचक बनून येणार, कर्मचारी कसे वागतात ते बघणार आणि गुण देणार."

"कोण माणूस?"

"ते कळलं तर गुपचूप कसलं?"

हे बोलणं होऊन तास झाला नाही तोच एक म्हातारे गृहस्थ आले. कोट जुना, पण इस्त्री अशी की घडीने बोट कापावं. काउंटरपासून लांब उभे राहिले. हळूच म्हणाले, "शिकणारी मुलं ते जाड पुस्तक लिहितात ना, शेवटी, ते इथे वाचायला मिळतं का?"

"प्रबंध?"

"तेच. भिंतीवरच्या कोळ्यांच्या जाळ्यांवरचा, मराठीतला एक आहे म्हणे."

प्रबंध कपाटात कुलुपात असतात. बाहेरच्या माणसाला मार्गदर्शकाचं पत्र असल्याशिवाय आम्ही दाखवत नाही. हे सगळं मी एका दमात सुनावणार होते, तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे गेलं. बोटांना निळा खडू! म्हणजे मास्तर. निवृत्त प्राध्यापक. समितीचा माणूस! माझ्या नजरेतून काही सुटत नाही म्हणतात ते उगाच नाही.

"बसा ना सर," मी म्हटलं. बातमीपत्राच्या हातातला शिक्का खाली पडला.

"मला सर नका म्हणू, बाई."

केवढी नम्रता! मोठी माणसं अशीच असतात. मी प्रबंध काढून दिला, नोंदीत वाचक म्हणून माझंच नाव घातलं आणि खिडकीजवळची उजेडाची जागा दिली. जाताना मात्र त्यांनी माझ्या खांद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाहीची शिवण उसवलीय तुमच्या."

गेले गुण! टापटीप बघत होते. घरी आल्या आल्या आधी बाही शिवली, मग चहा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

परीक्षक रोज येतात. ओळीखाली बोट ठेवून वाचतात, सकाळभरात जेमतेम दहा-बारा पानं. आणि मध्येच उठून येतात, "ह्या शब्दाचा अर्थ काय हो?" आज विचारलेला शब्द शाळेतल्या पोराला येईल. "एवढंही येत नाही?" असं अगदी ओठावर आलं होतं. पण सापळा ओळखला. मी चार शब्दकोश आणले आणि त्यातला शब्द कसा शोधायचा तेही शेजारी बसून दाखवलं. काय हुबेहूब अडाण्याचं सोंग घेतात! अक्षरांचा क्रमसुद्धा चुकवला.

कोण बघतंय, कोण नाही, म्हणून बाकीच्यांशीही गोडच बोलते आहे. एका मुलाने पुस्तक महिनाभर उशिरा आणलं. मी हसून म्हटलं, "होतं असं कधीकधी." पोरगं घाबरलं. "काकू, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

१० फेब्रुवारी, सोमवार

सासूबाईंना आज गाऊन घालताना खांदा दुखला आणि त्यांनी माझ्या सात पिढ्या काढल्या. हात वर होत नाही, डोक्यावरून कपडा घालायचा कसा? मी काउंटरवर बातमीपत्राला हे सांगत होते तर परीक्षक जवळ येऊन उभे. "मागून उघडा ठेवायचा आणि बंद लावायचे," ते म्हणाले. "उंची केवढी त्यांची? अंगाने कशा आहेत?" सगळं विचारून घेतलं.

हे कशाला विचारतात? मग लक्षात आलं. कर्मचारी घरी कसा वागतो तेही बघत असणार. मी लगेच म्हटलं, "सासूबाई मला आईसारख्या आहेत." थोडं जास्तच झालं. बातमीपत्राला ठसका लागला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

परीक्षकांनी गाऊन शिवून आणला! फुलाफुलांचा, मऊ, मागे बंद. सासूबाईंना घातला तर कुठे हूं की चूं नाही. नंतर बराच वेळ त्या बाहीवरून हात फिरवत बसल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना कपड्यावरून हात फिरवताना पाहिलं नव्हतं. मलाच भरून आलं.

रात्री ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, तो शिंपी असेल."

"काहीतरीच काय! निवृत्तीनंतर माणसं छंद म्हणून काहीही शिकतात."

"बोटाला निळा खडू म्हणालीस ना? शिंपी असतो तसा."

"तुम्ही छापखान्यात बघा," मी म्हटलं. ह्यांना विद्यापीठातलं काय कळतं!

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज परीक्षक प्रबंधाच्या तिसऱ्या भागावर अडले. दोन दिवस तेच पान. कपाळाला हात लावून बसले होते. सोंग असो नाहीतर काही असो, मला बघवेना. सुट्टीत सासूबाईंना जेवायला घालून धावत परत आले आणि त्यांना प्रबंधासकट प्राणिशास्त्राच्या सरांकडे घेऊन गेले. सर आमच्याकडून नेलेली पुस्तकं कधी वेळेवर देत नाहीत, त्यामुळे मला घाबरून असतात.

मी म्हटलं, "सर, ह्यांना कोळी नावाचा किडा समजावून सांगा."

"बाई, कोळी म्हणजे किडा नव्हे. आधी पाय मोजा," म्हणाले, आणि एक काचेची पेटी काढली. भिंगातून परीक्षकांना दाखवलं, कोळीण धागा कसा काढते, जाळं कसं ताणते. परीक्षक भिंगाला चिकटले ते चिकटलेच.

"हा धागा ती अंगातून काढते?"

"अंगातून. आणि जाळं जुनं झालं की खाऊन टाकते, पुन्हा नवं विणते. काही वाया घालवत नाही."

"आणि हे जाळं कुणी झाडूने काढून टाकलं तर?"

"तर दुसरीकडे जाऊन विणते."

परीक्षकांनी भिंगावरचा डोळा काढला. सरांनी प्रबंध उलटून बघितला. "अरे, ही तर माझी विद्यार्थिनी. आता नव्या आवारात शिकवते. यंदाच्या पुरस्काराला तिचंही नाव गेलंय."

परीक्षकांनी चाचपडत स्टूल ओढलं आणि बसले. मग विचारलं, "चांगली शिकवते?"

"मुलं जीव टाकतात तिच्यावर."

"वेळेवर जेवते का?"

सरांना हसू आलं. मलाही आधी कळेना, परीक्षकाने हे कशाला विचारावं. मग येताना जिन्यात डोक्यात प्रकाश पडला. तिचंही नाव पुरस्काराच्या यादीत! म्हणूनच हे तिचा प्रबंध पानन् पान तपासताहेत. आणि जेवणाचं विचारलं ते शिस्तीसाठी. एका दगडात दोन पक्षी. माणूस पक्का आहे. मला वाटतं मी बऱ्यापैकी गुण मिळवलेत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

परीक्षक आज आलेच नाहीत. खिडकीजवळच्या जागेवर एक मुलगा बसायला लागला, त्याला मी उठवलं. दिवसभर दाराकडे लक्ष. गुणांचीच काळजी, दुसरं काय!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आले. काल लग्नाचे कपडे द्यायचे होते म्हणाले. कुणाचं लग्न ते विचारलं नाही. सर्दी झाल्यासारखे खोकत होते, म्हणून माझ्या थर्मासमधला चहा दिला. वाचनकक्षात चहा! मी! दुसऱ्या कुणी आणला असता तर त्याचं मी काय केलं असतं, देव जाणे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर, हा घ्या राग.

सकाळी बातमीपत्राला म्हटलं, "माझ्या परीक्षकांना पाणी नेऊन दे."

"कोण परीक्षक?"

"सोंग करू नकोस. समितीचा माणूस. तूच म्हणालास."

त्याचा चेहरा पडला. "ताई, ते म्हातारेबाबा? अहो, समिती कुणालाही पाठवत नाही. ते मी मनाचंच ठोकून दिलं होतं."

"का?"

"वाटलं, महिनाभर गोड बोललात तर तक्रारी थांबतील. मग निघेलही तुमचं नाव."

"माझं नाव निघालं तर गावाबाहेर कोण जाणार होतं मेल्या?"

"मीच. ते तेव्हाचं तेव्हा बघितलं असतं."

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. तीन आठवडे मी एका परक्या माणसाला सर सर करत होते, शब्दकोश उघडून देत होते, जिने चढत होते, आणि सगळं ग्रंथालय माझी गंमत बघत होतं! तशीच तरातरा खिडकीपाशी गेले.

"तुम्ही कोण आहात?"

ते उठून उभे राहिले. "मी शिंपी, बाई. मागच्या गल्लीत दुकान आहे माझं."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलंच नाही. सर म्हणू नका, तेवढं रोज सांगत होतो."

"प्रबंध संशोधकांसाठी असतात," मी म्हटलं, आणि आवाज चांगलाच चढला असणार, कारण सगळा वाचनकक्ष आमच्याकडे बघायला लागला. "पत्र आणा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

त्यांनी पानात खूण म्हणून कापडाची एक पट्टी ठेवली होती, ती काढून नीट घडी करून खिशात टाकली. प्रबंध दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. "थोडाच राहिला होता," एवढंच म्हणाले.

लिहून काढलं. काही खाली आलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सासूबाईंनी विचारलं, "तुझा तो परीक्षक कुठे गेला? त्याला सांग, गळ्याशी बोटभर सैल कर."

"तो परीक्षक नव्हता. शिंपी होता."

"मग? गाऊन काय परीक्षकाने शिवला असता?"

ह्या बाईला माझी बाजू म्हणून कधी कळायचीच नाही. तरी मी म्हटलं, "मला फसवलं त्याने." तर म्हणतात, "काय नेलं तुझं?"

विचार केला. काहीच नेलं नव्हतं. उलट एक गाऊन देऊन गेला होता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

खिडकीजवळची जागा दोन दिवस रिकामीच होती. मुलंही तिथे बसत नाहीत, मी ओरडेन म्हणून. आज सुटल्यावर गाऊन पिशवीत घातला, गळ्याचं निमित्त, आणि मागच्या गल्लीत गेले. दुकान एवढंसं. शिंपीकाका मशीनवर, मला बघून उठले. आत त्यांची बायको काजं करत होती. गोल चेहऱ्याची, बोलकी बाई.

"त्याच तुम्ही होय! शब्दकोशवाल्या!" म्हणाली. "महिनाभर ह्यांच्या तोंडी तुमचंच नाव." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मग तिनेच सगळं सांगितलं. काकांनी मान वर केली नाही, मशीनच्या चाकावर हात ठेवून बसून राहिले. तो कोळ्यांचा प्रबंध त्यांच्या मुलीचा. पोरगी लहानपणापासून कोळी पाळायची, कपाटावर बरण्याच बरण्या. काकांना वाटायचं, खूप शिकली की हातची जाईल. चांगलं स्थळ आलं होतं, घर बघायला माणसं येणार होती, तेव्हा ह्यांनी रागाच्या भरात सगळ्या बरण्या उकिरड्यावर नेऊन फोडल्या. त्याच दिवशी ती घरातून निघून गेली. नऊ वर्षं झाली. त्याच गावात, पण बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत. आईशी बोलते, फोनवर.

"गेल्या महिन्यात तिला म्हटलं, बाबांची चौकशी कर की गं," काकू म्हणाली. "तर म्हणाली, बाबांनी तरी कधी विचारलं, मी काय करते? मी ते ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कोट घालून तुमच्या दारात."

माफी मागायची मला सवय नाही, जमतही नाही. म्हटलं, "काका, उद्या दार उघडताच या. पत्रबित्र काही नको. आणि ती पट्टी आणा, पान सापडायचं नाही."

काका पहिल्यांदा हसले. "पान पाठ आहे माझं," म्हणाले. गळा तिथल्या तिथे बोटभर सैल करून दिला.

३ मार्च, सोमवार

यादी लागली. कर्मचाऱ्यांचा पुरस्कार परीक्षा विभागातल्या बाईंना. चांगल्या आहेत, नावं ठेवायला जागा नाही, तरी मी दोन ठेवली. तरुण प्राध्यापकांत कोळ्यांवाली. आणि माझ्या टेबलावर नव्या आवाराची ऑर्डर. येत्या सोमवारपासून हजर व्हायचं.

स्वच्छतागृहात जाऊन रडले. सासूबाईंना सांगायचं कसं? त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग काय, मी काही पळून जात नाही." आणि तोंड भिंतीकडे केलं. मला त्यांच्या शिव्या चालल्या असत्या.

काकांनी आज शेवटचं पान वाचून प्रबंध मिटला. यादीतलं नाव मी दाखवलं तेव्हा त्यावरून बोट फिरवलं, दोनदा. समारंभाचं विचारलं तर म्हणाले, "आईला बोलावलंय तिने. पण ही म्हणते, येऊ तर दोघं, नाहीतर कुणीच नाही. आणि मला कुठे बोलावलंय?"

ज्यांची नावं गेली होती त्या सगळ्यांना, पुरस्कार न मिळालेल्यांनासुद्धा, दोन पास मिळतात. घरी हे म्हणाले, दुसऱ्याचं कौतुक बघायला मी रजा टाकणार नाही. "बरं," मी म्हटलं, "दुसरा पास लागणारच होता मला."

७ मार्च, शुक्रवार

आजचं सगळं लिहून ठेवायचंय, हात दुखला तरी.

समारंभ दुपारी. सासूबाईंचा प्रश्न होताच. शिंपीणकाकू म्हणाली, "मी नाहीतरी जाणार नाही हट्टाने. बसते की तुमच्या सासूबाईंजवळ." मी दोघींची गाठ घालून दिली आणि जीव मुठीत धरून निघाले.

सभागृह भरलेलं. मी आणि काका अगदी मागच्या रांगेत. काकांनी तोच कोट घातलेला, हातात काही नाही. परीक्षा विभागातल्या बाई नवऱ्याबरोबर मंचावर गेल्या. इथला जुना रिवाज आहे, पुरस्कार घेणाऱ्याच्या सोबत घरचं एक माणूस वर जातं. कुणाची आई जाते, कुणाचा मुलगा. टाळ्या खऱ्या तेव्हाच पडतात.

मग तिचं नाव पुकारलं. काकांसारखंच नाक, काकांसारखंच पुढे वाकून चालणं. एकटीच वर चढली. सूत्रसंचालक म्हणाला, "सोबत घरचं कुणी?" तिने मान हलवली. "कुणी नाही."

मी काकांना ढोसलं. "उठा."

"तिने बोलावलं नाही, बाई."

"उठा म्हणते ना!"

त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. तिकडे कुलगुरूंनी सन्मानचिन्ह हातात घेतलं. आता देऊन टाकणार, ती घेऊन खाली उतरणार, आणि मग पुन्हा नऊ वर्षं. माझं डोकं फिरलं. जन्मभर मी लोकांना गप्प केलं. आज उभी राहिले आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी ओरडले:

"थांबा! घरचं माणूस आहे इथे!"

सगळ्या माना वळल्या. ग्रंथपालबाईंनी कपाळाला हात लावला. कुलगुरूंचा हात तसाच हवेत. मी काकांचा दंड धरून त्यांना उभं केलं. ते चालायला लागले. मधल्या वाटेने, सगळ्यांच्या समोरून. ती मंचावरून बघत होती. जागची हलली नाही. काका पायऱ्यांशी जाऊन थांबले. वर जाऊ की नको, असे. तिने बराच वेळ लावला, आणि मग पुढे येऊन हात दिला.

काका तिला काहीतरी म्हणाले. ती काहीतरी म्हणाली. आणि दोघंही असे हसले की मागून मला रडूच फुटलं. टाळ्या पडत होत्या. शेजारच्या माणसाने मला रुमाल दिला, तो मी परत दिलेला नाही, आत्ता लक्षात आलं.

बाहेर आल्यावर विचारलं, "काय म्हणालात हो तिला?"

"म्हटलं, तुझा तिसरा भाग मला दोनदा वाचावा लागला."

"आणि ती?"

"म्हणाली, बाबा, मलाही तो दोनदा लिहावा लागला."

घरी आले तर शिंपीणकाकू आणि सासूबाई हातात हात घेऊन बसलेल्या, आणि दोघींनी मिळून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवून झालेली. बातमी सांगितल्यावर काकू पदरात तोंड घालून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "दुपारची मी येत जाईन इथे. दुकान काही लांब नाही." मी नको नको म्हणेपर्यंत सासूबाईच म्हणाल्या, "येऊ दे गं. ही हळू हाताने उठवते."

८ मार्च, शनिवार

जुन्या काउंटरवरचा शेवटचा दिवस. बातमीपत्र म्हणाला, "ताई, मी बाईंशी बोललोय. आपल्या दोघांची संमती असेल तर अदलाबदल होते. मी जातो तिकडे." त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत. कधी धावायला लागेल सांगता येत नाही.

"गप बस," मी म्हटलं. "यंत्राला हात लावायला मला यायचं नाही. तू लाव." आणि माझा शिक्का मात्र पिशवीत टाकला. त्याने पाहिलं, पण ही बातमी तो कुणाला सांगणार नाही.

१० मार्च, सोमवार

नवं आवार. वाचनकक्ष लहान, खिडक्या मोठ्या, एका कोपऱ्यात जाळं. झाडू घेऊन उठले होते, मग म्हटलं, राहू दे, कुणाला तरी विचारून काढू.

दुपारी सवयीने घड्याळाकडे बघून उठले आणि मग पुन्हा बसले. फोन केला तर सासूबाई म्हणाल्या, "आत्ता जेवतेय, मध्येच काय!" आणि ठेवला.

तेवढ्यात कोळ्यांवाली आली. काउंटरपासून लांब उभी राहिली, अगदी तशीच. मला ओळखलं असणार, ओळखायला मी काही कमी ओरडले नव्हते. ती जरा घुटमळली. म्हणाली, "काल रविवारी घरी गेले होते. बाबा मशीनवर बसून कोटाचं काहीतरी समजावत होते, मला काही कळलं नाही." मग हळूच, "इथे शिवणकामावरचं एखादं पुस्तक आहे का? अगदी पहिल्यापासून शिकवणारं?"

नव्या जागेतलं कपाट मला अजून पाठ नाही. शोधायला वेळ लागला. ती उभीच राहिली. शेवटी खालच्या खणात एक सापडलं, धूळ झटकून दिलं.

शिक्का मारला. तारीख जरा लांबची टाकली.